कुमार गटाचा चषक सामना : पंचाने शिट्टीआधी काय ओळखून ठेवावे

फुटबॉलमध्ये साखळीतला एखादा सामना हातचा गेला, तर पुढच्या सामन्यात त्याची भरपाई करता येते. बाद पद्धतीच्या चषक स्पर्धेत ती सोय नसते. हरलेल्या संघाची त्या वर्षाची वाटचाल त्याच संध्याकाळी संपते, आणि १७ वर्षांखालील गटातल्या ज्या मुलाचे ते शेवटचे वर्ष असते, त्याला त्या गटात पुन्हा उतरताच येत नाही. १९६० साली सुरू झालेल्या सुब्रतो मुखर्जी चषक शालेय स्पर्धेचेच उदाहरण घ्या. जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत शाळेचा संघ देशपातळीवर जातो, त्यामुळे जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला उभ्या राहिलेल्या मुलांच्या डोळ्यांसमोर त्या दिवशीच्या चषकापलीकडचेही बरेच काही असते. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, हे तिथल्या मैदानांवरच्या मुलांना सांगावे लागत नाही. ती वाट आपल्या मैदानावरूनही जाते असे त्यांना मनापासून वाटते, आणि तसे वाटण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे.

या उत्कंठेच्या मधोमध पंच उभा असतो. जिल्हा किंवा विभाग पातळीवर कुमार गटाच्या चषक सामन्यात पहिल्यांदाच मुख्य पंचाची जबाबदारी स्वीकारणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. नियमांचे पुस्तक आपण वाचलेले आहे, असे मी गृहीत धरतो. पुस्तकातला नियम मैदानात वेळेवर आठवण्यासाठी जे आधीच ओळखून ठेवावे लागते, त्याविषयी येथे सांगायचे आहे. कारण माझ्या मते अशा सामन्यांतल्या बहुतेक वादांचे मूळ निर्णयाच्या क्षणात नसून त्याच्या कितीतरी आधी, पंचाने न विचारलेल्या प्रश्नात किंवा न पाहिलेल्या गोष्टीत असते.

नियमावली आणि मैदान

फुटबॉलचे नियम सर्वत्र एकच असले, तरी कुमार गटासाठी त्यांत काही बदल करण्याची मुभा राष्ट्रीय संघटनांना आहे. मैदानाचा आकार, चेंडूचा आकार व वजन, गोलचे माप, दोन्ही डावांची मिनिटे आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची पद्धत यांत वयोगटानुसार फरक असू शकतो. पिवळ्या कार्डाबरोबर खेळाडूला ठरावीक मिनिटे बाहेर बसवण्याची तरतूदही काही स्पर्धांत असते. म्हणून नेमणूक हाती येताच आयोजकांकडून त्या स्पर्धेची नियमावली लेखी मागवून घ्यावी आणि त्यातल्या एका कलमावर विशेष बोट ठेवावे : निर्धारित वेळेत बरोबरी झाली तर जादा वेळ खेळवायची की थेट टायब्रेकर, म्हणजे पेनल्टीच्या ठिपक्यावरून आळीपाळीने किका, घ्यायचा? हा प्रश्न सामन्यानंतर मैदानाच्या मध्यभागी, दोन प्रशिक्षक दोन वेगवेगळी उत्तरे देत असताना सोडवण्याची पाळी ज्या पंचावर येते, त्याचा त्या दिवसाचा मान तिथेच निम्मा झालेला असतो. बदली खेळाडू किती आणि किती टप्प्यांत, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

खेळाडूंच्या वयाबद्दल हरकत येण्याची शक्यता शालेय स्पर्धेत कायमच असते. नाणेफेकीला जाताना एखादे व्यवस्थापक कानाशी येऊन ‘त्यांचा नऊ नंबर वयात बसत नाही, तपासा’ असे सांगतात. दाखल्यांची छाननी हे स्पर्धा समितीचे काम आहे, पंचाचे नाही. तेव्हा हरकत लेखी स्वरूपात समितीकडे द्यावी असे शांतपणे सांगून आपण पुढे व्हावे, आणि त्या नऊ नंबरकडे पाहण्याची आपली नजर त्या कुजबुजीमुळे बदलणार नाही याची काळजी घ्यावी.

मैदानावर निदान दीड तास आधी पोहोचावे. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांच्या बऱ्याच फेऱ्या पावसाळ्यात होतात आणि सकाळी कोरडे वाटलेले मैदान दुपारपर्यंत चिखल होऊन बसते. पहिली तपासणी गोलपोस्टची करावी. हलवता येणारे पोस्ट जमिनीत पक्के रोवलेले किंवा मागून वजनाने दाबलेले नसतील तर सामना सुरू करू नये, मग मंडपात प्रमुख पाहुणे येऊन बसलेले असले तरी हरकत नाही. दोन्ही हातांनी पोस्ट जोर लावून ढकलून पाहावा, आडवा दांडा हलतो का ते पाहावे, जाळीचे हूक बाहेरच्या बाजूला टोकदार राहिलेले नाहीत ना, हे बोटाने चाचपावे. गोल वाचवताना गोलरक्षक ज्या जागी आदळतो, नेमकी तीच ही जागा असते.

त्यानंतर फक्कीच्या रेषा पाहाव्यात. शाळेच्या मैदानावर पेनल्टीचा ठिपका अंदाजाने मारलेला असतो. तो गोलरेषेपासून ११ मीटरवर हवा. सामना टायब्रेकरवर गेला तर याच ठिपक्यावर मुलांचे वर्ष ठरणार आहे, म्हणून तो टेपने मोजून घ्यावा. रेषा आखायला न विझवलेला चुना वापरलेला असेल, तर ओल्या मैदानात तो डोळ्यांत आणि खरचटलेल्या गुडघ्यांवर जाऊन इजा करतो. आयोजकांना तो बदलायला लावावे. पाणी साचलेल्या जागी चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडावा आणि मग लोटून पाहावा. तो उसळतही नसेल आणि घरंगळतही नसेल, तर तेवढ्या पट्ट्यात दोन मुले एकमेकांवर घसरत येणार आहेत, एवढे आपल्याला आत्ताच कळलेले बरे. डबकी सगळीकडे असतील, तर सामना पुढे ढकलण्याची सूचना करण्यात कमीपणा नाही. विजा चमकू लागल्यास मात्र सूचनेचा प्रश्नच उरत नाही. खेळ थांबवून सर्वांना निवाऱ्याखाली न्यावे.

मुलांच्या खोलीत

साहित्याची तपासणी मैदानाच्या कडेला, प्रेक्षकांच्या देखत करू नये, ती संघाच्या खोलीत किंवा तंबूत करावी. शिनगार्ड आहेत का, स्टडच्या कडा झिजून धारदार झाल्या आहेत का, हे पाहणे सोपे आहे. अंगावरच्या वस्तूंचा विषय नाजूक आहे. साखळी, कडे, अंगठी, कानातली बाळी, रबर बँड यांपैकी काहीही घालून खेळता येत नाही, आणि त्यावर चिकटपट्टी लावणेही चालत नाही. रांगेत उभा असलेला एखादा मुलगा उजवा हात पाठीमागे ठेवतो. पुढे करायला सांगितल्यावर मनगटावर गंडा दिसतो. तो त्या सकाळीच आईने किंवा आजीने बांधलेला असतो आणि तो काढायचा म्हटल्यावर मुलाचा चेहरा पडतो. अशा वेळी कैची मागवू नये. प्रशिक्षकांना जवळ बोलवावे आणि गंडा मुलाने स्वतःच्या हाताने सोडवून त्यांच्या खिशात ठेवावा, सामना संपताच तो त्याच्या मनगटावर पुन्हा बांधला जाईल, असे त्याला सांगावे. मुलींच्या सामन्यात कानातल्या कुड्या निघायला वेळ लागतो, त्यासाठीही ही तपासणी लवकर हवी. डोक्यावर धार्मिक कारणासाठी वस्त्र बांधणाऱ्या मुला-मुलींना ते सुरक्षित रीतीने बांधून खेळता येते, हे आयोजकांपैकी कोणी विसरले असेल तर आपण आठवण करून द्यावी.

या दहा मिनिटांत पंचाला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे मुलांची ओळख. कोण गप्प बसला आहे, कोण उगाच मोठ्याने हसतो आहे, कर्णधाराचे इतर मुले ऐकतात की नाही, हे दिसते. गप्प बसलेला मुलगा पहिल्याच मिनिटाला अंगावर धावून जाण्याची शक्यता असते. भीती घालवण्याचा त्याचा तो मार्ग असतो. त्याचा क्रमांक लक्षात ठेवावा, पण वहीत लिहू नये.

येथेच दोन गोष्टी मुलांच्या कानांवर घालाव्यात. जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला, तर प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळतो आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात उंचावून मोजून दाखवतो. शालेय पातळीवर हे पुष्कळ गोलरक्षकांना ठाऊक नसते. अंतिम सामन्यात पहिल्यांदा कळण्याऐवजी खोलीत कळलेले बरे. दुसरी गोष्ट अशी, की निर्णयाबद्दल विचारायचे असल्यास फक्त कर्णधाराने यावे. कर्णधार स्वतः गोलरक्षक असेल, तर त्याच्या वतीने बोलणारा एक खेळाडू आधीच ठरवून घ्यावा.

प्रेक्षक आणि प्रशिक्षक

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे, म्हणजे तिथल्या स्थानिक फुटबॉल संघांचे, सामने पाहत वाढलेल्या मुलांना गर्दीची सवय लहानपणापासून असते. इतर अनेक जिल्ह्यांतल्या मुलांना दोन-तीनशे लोकांसमोर खेळण्याचा तो पहिलाच प्रसंग असतो. दोन्ही ठिकाणी पंचाने सामन्याआधी मैदानाभोवती एक चक्कर मारावी आणि कोणत्या संघाचे लोक कुठे बसले आहेत, हलगी-ताशा कुठे आहे, पालक रेषेच्या किती जवळ आले आहेत, हे पाहून ठेवावे. प्रेक्षक रेषेपासून मागे सरकवण्याचे काम आयोजकांकडून सामन्याआधी करवून घ्यावे. एकदा खेळ रंगला, की कोणी मागे सरकत नाही, आणि मग सहायक पंचाला धावायला जागा राहत नाही. गोलरक्षकाच्या पाठीमागे उभे राहून त्याला चिडवणाऱ्यांना तिथून हलवण्याचा आग्रह तर अवश्य धरावा. पंधरा वर्षांच्या मुलाने ते का सोसावे?

प्रशिक्षकांशी बोलणे थोडके असावे. दोघांना एकत्र भेटावे, वेगवेगळे भेटू नये. एकट्याशी केलेले दोन मिनिटांचे बोलणे दुसऱ्या बाजूला पाच मिनिटांचे दिसते. डावांची वेळ, बरोबरी झाल्यास काय, बदली खेळाडूंची पद्धत आणि डोक्याला मार लागला तर खेळाडूला बाहेर काढले जाईल, एवढे सांगून विषय संपवावा. शिस्तीवर व्याख्यान देऊ नये. मात्र बाकावरच्या प्रशिक्षकांनाही पिवळे आणि लाल कार्ड दाखवता येते आणि बाकावरून अपशब्द आला पण बोलणारा ओळखता आला नाही, तर तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला ते कार्ड मिळते, हे पंचाला स्वतःला पक्के ठाऊक असले पाहिजे.

सहायक पंचांबरोबरची बैठक याहून महत्त्वाची आहे. स्थानिक स्पर्धेत ते दोघे आपल्याला त्याच दिवशी भेटलेले असतात. पेनल्टी क्षेत्राच्या आत फाऊल दिसल्यास त्यांनी काय खूण करायची, कॉर्नरच्या वेळी गोलरेषेवर कोणी लक्ष ठेवायचे, माझी पाठ असताना मागे काही घडले तर मला कसे थांबवायचे, हे बोलून घ्यावे. ऑफसाइडबाबत, म्हणजे पास दिला जातानाच प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीपलीकडे उभ्या असलेल्या खेळाडूबाबत, मी त्यांना एकच विनंती करतो, की निशाण घाईने वर करू नये, चेंडू कोणाकडे जातो ते पाहावे. मुलांच्या खेळात पास चुकण्याचे प्रमाण मोठे असते. ऑफसाइडला उभ्या असलेल्या मुलाचा संबंधच न येता चेंडू दुसरीकडे जातो, आणि घाईने वर गेलेले निशाण चांगली चाल मोडून टाकते.

चेंडूच्या आधी पोहोचणे

आता प्रत्यक्ष खेळ. पंचाच्या धावण्याचे कौतुक फार होते, पण चेंडूच्या मागे धावणारा पंच नेहमी उशिरा पोहोचतो. चेंडू पुढे कुठे जाणार हे ओळखून आधीच त्या दिशेला निघालेला पंच कमी धावतो आणि जास्त पाहतो. हे ओळखणे शिकता येते, आणि कुमार गटात ते शिकायला उत्तम संधी मिळते, कारण मुले आपला हेतू फारसा लपवत नाहीत.

पास देण्याआधी मुलाचे डोके ज्या बाजूला वळते, बहुतेक वेळा चेंडू तिकडेच जातो. किक मारणाऱ्याचा टेकलेला पाय आणि कंबर कुठल्या दिशेला आहे ते पाहिले, की उरलेली शंका मिटते. १४ वर्षांखालील गटात गोलरक्षकाची किक मध्यरेषेपर्यंत क्वचितच जाते; मोठ्यांच्या सामन्याच्या सवयीने पंच मध्यरेषेपलीकडे जाऊन उभा राहिला, तर हवेतल्या चेंडूसाठीची झटापट त्याच्यापासून वीस पावलांवर, खेळाडूंच्या पाठीआड होते. पहिल्या दोन किका पाहून आपली जागा ठरवावी. अंतराइतकाच कोनही मोलाचा आहे : दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल अशा बाजूला उभे राहिले, तर पंधरा मीटरवरूनही जे दिसते, ते त्यांच्या थेट मागे पाच मीटरवर उभे राहून दिसत नाही.

जोड्या लवकर ओळखाव्यात. डाव्या बगलेवरचा चपळ मुलगा आणि त्याच्यासमोरचा उंच, पण वळायला वेळ लागणारा बचावपटू पहिल्या काही मिनिटांतच लक्षात येतात. चपळ मुलगा एकदा आतल्या बाजूने निघून जातो, दुसऱ्या वेळी बाहेरून. तिसऱ्या वेळी बचावपटूची नजर चेंडूवरून उठून त्याच्या जर्सीवर जाते, त्याचा जवळचा हात किंचित वर येतो, पावले आखूड पडू लागतात. आता तो चेंडूसाठी खेळत नाही, मुलाला अडवण्यासाठी खेळतो आहे. हे दिसताच आपण त्या बगलेकडे चार पावले आधीच सरकलेले असावे. जवळ पोहोचताना ‘हात खाली, सहा नंबर’ एवढे शब्द वेळेवर कानी पडले, तर पुष्कळदा तो फाऊल होतच नाही, आणि न झालेल्या फाऊलची नोंद कुठे होत नसली, तरी त्या दिवशीच्या चांगल्या पंचगिरीचा मोठा हिस्सा तोच असतो.

येथे एक सीमारेषा पाळायची आहे, आणि नवे पंच नेमके तिथेच घसरतात. खेळाचा अंदाज बांधावा, निर्णयाचा बांधू नये. सहा नंबर जर्सी ओढणार असे आपल्याला वाटले, म्हणून तो मुलगा पडताच शिट्टी तोंडात जाता कामा नये. या वेळी बचावपटूने चेंडू स्वच्छ काढून घेतलेला असू शकतो आणि चपळ मुलगा चिखलात घसरलेला असू शकतो. अंदाज आपल्याला योग्य जागी नेऊन उभे करतो. तिथे पोहोचल्यावर जे डोळ्यांनी दिसले तेवढेच खरे धरावे. शिट्टी ओठांत न ठेवता हातात ठेवण्याची सवय यासाठी उपयोगी पडते, कारण हात तोंडाशी जाईपर्यंतचा क्षण विचाराला मिळतो.

मुलांच्या शरीरातला फरक हा या वयोगटाचा खास प्रश्न आहे. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांपैकी एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसरा त्याच्या खांद्यालाही लागत नाही. दोघे खांद्याला खांदा लावून चेंडूकडे धावले, की लहान चणीचा मुलगा उडून पडतो, प्रेक्षक ओरडतात आणि पंचाचा हात आपोआप शिट्टीकडे जातो. पण मोठ्या चणीचा असणे हा गुन्हा नाही. खांदा खांद्याला लागला का, चेंडू दोघांच्या आवाक्यात होता का, जोर बेपर्वाईचा होता का, हेच पाहावे. दर वेळी मोठ्या मुलाविरुद्ध शिट्टी वाजली, तर अर्ध्या तासाने तो खेळायचेच थांबवतो, आणि हा अन्याय प्रेक्षकांपैकी कोणाच्याही लक्षात येत नाही, म्हणून तर पंचाने त्याची फिकीर करायची. उलट बाजूने, लहान चणीच्या मुलाचा कोपर लहान असतो म्हणून तो कमी लागतो असेही नाही.

ॲडव्हान्टेज देताना, म्हणजे फाऊल होऊनही ज्याच्यावर तो झाला त्या संघाच्या फायद्यासाठी खेळ चालू ठेवताना, आवाज मोठा हवा. फाऊल झाला असे वाटताच मुले आपण होऊन थांबतात आणि दिलेला फायदा वाया जातो. दोन्ही हात पुढे करून ‘खेळा, खेळा’ असे खणखणीत ओरडावे. चिखलात किंवा तापलेल्या सामन्यात ॲडव्हान्टेज जपून द्यावे, कारण मार खाल्लेला मुलगा तोवर उठून हिशेब चुकता करायला निघालेला असतो. जोराच्या फाऊलनंतरचे तीन-चार सेकंद सर्वांत धोक्याचे. त्या वेळात पंच त्या जागी पोहोचला, की नुसत्या त्याच्या असण्याने धक्काबुक्की टळते.

शेवटची दहा मिनिटे वेगळी असतात. दमलेल्या मुलाचा पाय चेंडूवर उशिरा येतो, आघाडीवर असलेला संघ वेळ काढू लागतो, पिछाडीवरचा संघ उंच चेंडू टाकू लागतो. त्यामुळे पूर्वार्धात मध्यभागी असलेले आपले काम आता पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी जाते. पंच स्वतःही दमलेला असतो. मध्यंतरात मंडपातल्या गप्पांत न रमता पाणी पिऊन पाच मिनिटे शांत बसावे, ते या दहा मिनिटांसाठी.

कार्ड आणि दुखापत

कार्ड दाखवताना मुलाला जवळ बोलवावे, खेळाडूंच्या घोळक्यापासून बाजूला घ्यावे आणि एका वाक्यात कारण सांगावे. १९७० च्या विश्वचषकापासून ही रंगीत कार्डे आली, ती भाषा न कळणाऱ्यांनाही निर्णय कळावा म्हणून. मुलाच्या नाकासमोर ती नाचवायची नसतात. लाल कार्ड द्यावे लागले तर कचरू नये, वयाकडे पाहून ते पिवळेही करू नये, कारण ज्याला लाथ बसली त्याचेही वय तेच असते. मात्र बाहेर जाणाऱ्या मुलाबरोबर संघातले मोठे कोणी तरी आहे ना, हे चौथ्या पंचाने किंवा आयोजकांनी पाहावे. रडत एकटा प्रेक्षकांतून चालत जाणारा मुलगा आपल्या जबाबदारीच्या बाहेर गेला असे मी मानत नाही. आपला निर्णय चुकल्याचे कळले आणि खेळ अजून पुन्हा सुरू झालेला नसेल, तर तो बदलता येतो, आणि बदलावा.

डोक्याला मार लागल्यास ताबडतोब खेळ थांबवावा. ‘काही नाही सर, खेळतो’ असे मुलगा म्हणणारच, अंतिम सामना सोडून बाहेर कोण बसेल? प्रशिक्षकही पाण्याचा हबका मारून त्याला उभे करायला पाहतील. क्षणभर भान हरपणे, तोल जाणे, सामन्याचा स्कोअर न आठवणे, उलटी येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याला आत येऊ देऊ नये आणि डॉक्टरांकडे पाठवण्याचा आग्रह धरावा. ज्या मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आणि रुग्णालयात नेण्यासाठी वाहन नाही, तिथे आधी ते आणायला सांगावे. कडक उन्हात पाण्यासाठी एक मिनिटापर्यंत, आणि उष्णता फारच असेल तर दीड ते तीन मिनिटांपर्यंत विश्रांती देण्याची तरतूद स्पर्धेच्या नियमांत करता येते. ती आहे का, हे आधीच विचारून ठेवावे.

टायब्रेकर

सामना बरोबरीत सुटला, की मैदानावरचा गोंधळ एकदम वाढतो. प्रशिक्षक, राखीव खेळाडू, पालक, फोटो काढणारे सगळे आत येतात. सर्वप्रथम मैदान रिकामे करावे, तोवर नाणे काढू नये. शेवटच्या शिट्टीच्या वेळी जे मैदानावर होते, किंवा दुखापतीसारख्या कारणाने तात्पुरते बाहेर होते, तेच किक मारण्यास पात्र ठरतात. एका संघाचे खेळाडू कमी असतील तर दुसऱ्यानेही आपली संख्या तितकीच करायची असते. कोणाला वगळायचे ते त्या संघाने ठरवावे आणि पंचाला सांगावे.

नाणे दोनदा उडवायचे असते. पहिल्यांदा कोणता गोल वापरायचा यासाठी. एक बाजू चिखलाने खराब झाली असेल किंवा प्रेक्षकांमुळे असुरक्षित असेल, तर पंच स्वतः गोल ठरवू शकतो. दुसऱ्यांदा नाणेफेक जिंकणारा संघ आधी किक घ्यायची की नंतर, हे ठरवतो. किक मारणारा आणि दोन गोलरक्षक सोडून बाकी सर्वांनी मध्यवर्तुळात थांबायचे असते. किक मारणाऱ्या संघाचा गोलरक्षक गोलरेषा आणि पेनल्टी क्षेत्राची रेषा जिथे मिळतात, तिथे मैदानाच्या आत उभा राहतो. प्रत्येक संघाला पाच किका, त्यांतही निकाल लागला नाही तर एकेक. एका खेळाडूने दुसऱ्यांदा किक घेण्याआधी संघातल्या सर्व पात्र खेळाडूंची, गोलरक्षकासकट, एकेक पाळी झालेली असली पाहिजे. प्रत्येक किकनंतर क्रमांक आणि गोल झाला की नाही, हे वहीत लिहावे; या गोंगाटात स्मरणशक्तीवर विसंबू नये.

गोलरक्षकाने किक लागण्याच्या क्षणी निदान एक पाय गोलरेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा तिच्या मागे ठेवायचा असतो. हे त्याला पहिल्या किकआधी स्पष्ट सांगावे. त्याने आधी पुढे येऊन चेंडू अडवला, तर किक पुन्हा घ्यावी लागते. पहिल्या वेळी त्याला ताकीद आणि पुन्हा तसेच केल्यास पिवळे कार्ड. चेंडू बाहेर गेला किंवा पोस्टला लागून परतला, तर मात्र गोलरक्षकाच्या हालचालीचा किक मारणाऱ्यावर उघड परिणाम झाला असेल तरच किक पुन्हा द्यायची. खेळात मिळालेली पिवळी कार्डे टायब्रेकरमध्ये मोजली जात नाहीत, हे २०२२ पासूनच्या नियमात आहे.

अशा वेळी पंचाच्या हालचाली संथ हव्यात. किक मारणारा मुलगा मध्यवर्तुळातून चालत येतो ते अंतर त्याला फार लांब वाटते. चेंडू आपण त्याच्या हातात द्यावा, तो ठिपक्यावर नीट ठेवू द्यावा, गोलरक्षक तयार आहे का पाहावे, मगच शिट्टी द्यावी. चुकलेल्या मुलाला ‘चल लवकर’ म्हणून हाकलू नये. त्याला परत जायला वेळ द्यावा आणि तो मध्यवर्तुळात पोहोचेपर्यंत पुढच्याला बोलवू नये. समोरच्या गोलरक्षकाने त्याला खिजवले, तर तिथल्या तिथे रोखावे.

निकालानंतर दोन्ही संघांशी हस्तांदोलन करून सहायक पंचांसह एकत्रच मैदान सोडावे. चषक वितरणाच्या गर्दीत निर्णयांवर चर्चा करू नये. कोणी निषेध नोंदवायचा म्हटले, तर तो समितीकडे लेखी द्यावा असे सांगावे. अहवाल मात्र त्याच संध्याकाळी लिहावा. कार्ड कोणत्या मिनिटाला, कोणत्या क्रमांकाला, कोणत्या कृतीसाठी दिले, दुखापत कोणाला झाली आणि त्याला कुठे नेले, बाकावरून नेमके कोणते शब्द आले, हे घडले तसे लिहावे. ‘उद्धट’, ‘गुंडगिरी’ अशी विशेषणे त्यात घालू नयेत, कारण शिस्तपालन समिती त्या कागदावरून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या सामन्यांचा निर्णय घेणार असते. सही करण्याआधी सर्व जर्सी क्रमांक संघाच्या यादीशी एकदा ताडून पाहावेत.